पॅरिसला निघालेल्या मांजरीविषयी

बडोदे

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षासाठी अ‍ॅनिमेशनमध्ये छोटी संगीतमय प्रेमकथा करायचे ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. मी सुचवल्याप्रमाणे तू १९६२ सालचा ‘गे पर-ई’ हा मांजरांच्या प्रेमकथेचा अमेरिकन अ‍ॅनिमेशनपट पाहिलास आणि ‘गाणी राहिली, गोष्ट राहिली नाही’ असे लिहिलेस. गोष्ट का राहिली नाही, याचा शोध घेतल्याशिवाय स्टोरीबोर्डला, म्हणजे प्रसंगांच्या कच्च्या चित्रमालिकेला, हात लावू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र.

हा चित्रपट करणारी माणसे साधीसुधी नव्हती. नामवंत अ‍ॅनिमेशनकार चक जोन्स आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी पटकथा लिहिली, एब लेविटो यांनी दिग्दर्शन केले, आणि गाणी केली ती हॅरल्ड आर्लेन आणि यिप हार्बर्ग या जोडीने, जिने १९३९ साली ‘विझर्ड ऑफ ऑझ’ची गाणी रचली होती. निर्मिती यूपीए स्टुडिओची. १९४१च्या संपानंतर डिस्नेतून बाहेर पडलेल्या चित्रकारांनी उभ्या केलेल्या या स्टुडिओने मोजकी हालचाल, सपाट रंग आणि ठळक रेषा यांची एक वेगळी शैली घडवली होती. तुझ्याजवळ मनुष्यबळ थोडे आहे, म्हणून या शैलीकडे निव्वळ काटकसर म्हणून पाहू नकोस. या चित्रपटातली पॅरिसची पार्श्वचित्रे एकेक थांबवून पाहा, म्हणजे हालचाल कमी असूनही चौकट भरलेली कशी वाटते ते कळेल.

सर्वांत मोठे आकर्षण अर्थातच गायिका-अभिनेत्री ज्यूडी गार्लंड यांचा आवाज. प्रॉव्हान्समधल्या शेतावरची म्यूझेट ही भोळी, हट्टी, पॅरिसच्या नुसत्या वर्णनाने भुलून घर सोडणारी मांजरी. आणि तिच्यासाठी गाणारी बाई चाळिशीची, आयुष्यात पुष्कळ सोसलेली. बोलण्याच्या प्रसंगांत ही विसंगती खटकते, हे मी नाकारणार नाही. परंतु फसवणूक उमगल्यावर एकट्या पडलेल्या म्यूझेटचे पॅरिसच्या एकाकीपणाचे गाणे येते, तेव्हा पात्राला नुकतेच कळू लागलेले दुःख त्या आवाजाला फार आधीपासून ठाऊक असते, आणि म्हणूनच ते गाणे काळजाला भिडते. आपल्याकडे बालगंधर्वांनी उतारवयातही तरुण नायिका रंगवल्या आणि रसिकांनी वयाकडे पाहिले नाही, ते याच कारणाने. तेव्हा गायिका निवडताना नायिकेच्या वयाशी जुळणारा गळा शोधत बसू नकोस. गाण्यातले दुःख ज्या गळ्याला पेलेल तो शोध.

आता दोषांकडे वळतो. ही प्रेमकथा म्हणवते, पण शेतावरचा तिचा प्रियकर बोका झोन-टॉम आणि म्यूझेट एकमेकांसमोर असतात ते मुख्यतः आरंभी आणि अखेरीस. मधल्या काळात ती पॅरिसमध्ये श्रीमंत बोक्याची वधू होण्यासाठी शिष्टाचार शिकते आहे, आणि तो जहाजावरून थेट अलास्काला पाठवला गेला आहे. ताटातूट हा दोष नव्हे. विरहावर तर आपले अर्धे नाट्यसंगीत उभे आहे. दोष असा, की ताटातुटीपूर्वी या दोघांत नेमके काय होते हे आपल्याला दाखवलेलेच नाही. तो उंदीर उत्तम पकडतो आणि तिच्यावर जीव टाकतो. ती त्याला गावंढळ समजते. एवढ्या भांडवलावर नऊ-दहा प्रसंगांचा विरह तगत नाही. उलट म्यूझेटला पैशासाठी फसवणाऱ्या खलनायक बोक्याचे आणि त्याच्या टोळीचे पैशावरचे गाणे पाहा. ते कसे उसळते! त्याला काय हवे आहे हे पहिल्या ओळीपासून स्पष्ट असल्यामुळे त्या गाण्याला पुढे जायला वाट मिळते.

चित्रकारांचा प्रसंग तुला सर्वांत आवडला, यात नवल नाही. म्यूझेटची चित्रे मोने, देगा, व्हॅन गॉग, सेझान यांच्या शैलीत एकामागून एक येतात. कथा १८९५ची, तेव्हा व्हॅन गॉग जाऊन पाच वर्षे झाली होती आणि या मालिकेत असलेला पिकासो १३-१४ वर्षांचा मुलगा होता, पण त्या चुकीचे मला काही वाटत नाही. मला खटकते ते हे, की इतक्या सुंदर मिनिटांत म्यूझेटच्या मनात काहीही घडत नाही. खलनायक तिचे वर्णन करतो आणि ती नुसती पाहिली जाते. तोच क्रम तिच्या नजरेतून आला असता, प्रत्येक चित्रात ती स्वतःला थोडी अनोळखी होत गेली असती, तर पुढच्या एकाकी गाण्याची पायरी तिथेच बांधली गेली असती. तुलाही असा प्रसंग करायचा असेल, तर आधी बडोद्याच्या कमाटीबागेतल्या पिक्चर गॅलरीत जाऊन तैलचित्रांवरचा कुंचल्याचा फटकारा जवळून बघ. पडद्यावरून केलेली नक्कल लगेच ओळखू येते.

तुझ्या आराखड्यात चार गाणी आहेत. प्रत्येक गाण्याच्या आधी नायिकेला काय ठाऊक आहे आणि गाणे संपल्यावर काय ठाऊक झाले आहे, हे दोन वाक्यांत लिहून काढ. ज्या गाण्यासमोर दोन्ही वाक्ये सारखीच येतील, ते चालीने कितीही गोड असले तरी तूर्त बाजूला ठेव. नायक-नायिका निरोप घेण्यापूर्वीचा एक प्रसंग मात्र वाढव, गाण्याशिवाय, दोघेच समोरासमोर. तेवढी पाने तयार झाली की पाठव. मी वाचून लगेच उत्तर देतो.

तुझा हितचिंतक