एम. ए.च्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थिनीस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

वर्गात सगळे रूपवाद (कलाकृतीचं मूल्य तिच्या रूपात, घडणीत शोधणं), देशीवाद (साहित्य आपल्या मातीतल्या परंपरेवरून जोखणं) असे शब्द सहज वापरतात आणि आपल्याला गप्प बसावं लागतं, असं तू लिहिलंयस. कवी बा. सी. मर्ढेकरांवरची कुठली समीक्षा वाचू, असंही विचारलंयस. समीक्षेची यादी आत्ता देत नाही. आधी मर्ढेकर वाच.

‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही त्यांची कविता घे. यंत्रयुगातल्या माणसाची हतबलता, असा तिचा अर्थ गाईडमध्ये तयार मिळेल आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतील. पण तो अर्थ कवितेतल्या कुठल्या शब्दांतून निघाला, हे तुला सांगता येणार नाही, आणि एम. ए.ला यायचं ते हे सांगता यावं म्हणूनच. कविता मोठ्याने वाच. ‘ओठांवरती ओठ मिळाले’ ही ओळ वेगळी काढून बघ. कुठल्याही प्रेमकवितेत ती खपली असती, इथे ती मेलेल्या उंदरांची आहे. ‘माना पडल्या’ दोनदा येतं. एकदा ‘मुरगळल्याविण’, एकदा ‘आसक्तीविण’. कुणी मान मुरगळली नाही आणि ओठ मिळाले त्यातही ओढ नव्हती. मला या कवितेत मरणापेक्षा ते ओढ नसणं जास्त भयंकर वाटतं. तुला वेगळं वाटलं तर जरूर सांग, फक्त कुठल्या ओळीमुळे वाटलं ते दाखव.

मग 1939 चा ‘शिशिरागम’ आणि 1947 चा ‘काही कविता’ हे दोन्ही संग्रह पाठोपाठ वाच. मधे महायुद्ध होऊन गेलं. पहिल्या संग्रहातला हळवा प्रेमकवी दुसऱ्यात पार नाहीसा झाला, की त्या उंदरांच्या ओठांत अजून शिल्लक आहे? याचं उत्तर वहीत स्वतःच्या भाषेत लिही, वाक्यं वेडीवाकडी झाली तरी चालेल.

एवढं झालं की सिद्धान्ताकडे जा, आणि तोही मर्ढेकरांचाच आधी. कलाकृतीतली लय संवाद (म्हणजे सारखेपणा), विरोध आणि समतोल यांतून घडते, असं त्यांनी मांडलं. ते तू उतरवून घेतलंयस, पण त्या दोन ‘माना पडल्या’ समोर ठेवून पुन्हा वाच. सारखेपणा आणि विरोध दोन्ही तिथेच आहेत. समतोल साधतो का, हा मात्र खरा वादाचा प्रश्न आहे, आणि तो तू वर्गात विचारावास असं मला फार वाटतं. रूपवादावर बोलायला तुला तिथूनच सुरुवात करता येईल.

शब्द अडला तर लाजू नकोस. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाची (1972) प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे, त्या कवितांतले शब्द त्यांनाही अडले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. जुन्या मराठीच्या पेपरला तर त्यांच्याशिवाय पान हलणार नाही.

त्या पेपरसाठी आणखी एक. ज्ञानेश्वरीची कुठली प्रत वाचतेस, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. एकनाथांनी शके 1506 (इ. स. 1584) मध्ये तिचं पाठशोधन केलं, म्हणजे हस्तलिखितं ताडून शुद्ध पाठ ठरवला, पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1909 मध्ये वेगळीच प्रत छापली. ओवीतल्या एखाद्या रूपावर तू मोठा निष्कर्ष उभा करशील आणि दुसऱ्या प्रतीत ते रूपच नसेल. प्रस्तावना वगळायची सवय असेल तर ती आधी मोड.

कादंबऱ्यांचं पुढच्या पत्रात लिहितो. तोवर मर्ढेकरांवरचं ते पान पाठव. सुवाच्य करत बसू नकोस. कुठे खोडलंस आणि खोडून काय लिहिलंस, ते मला बघायचं आहे.

तुझा,
सर