अडीच वर्षांच्या मुलीला घरी मॉन्टेसरी पद्धतीने काय शिकवता येईल? महागडं साहित्य लागतं का?

साहित्य अजिबात घेऊ नका. कळव्यातल्या आमच्या वन बीएचकेत स्वयंपाकघर हीच शाळा होती.

सुरुवात ओतण्यापासून करा. स्टीलचे दोन छोटे पेले, एकात अर्धा पेला तांदूळ, खाली परात. एकदा सावकाश, न बोलता ओतून दाखवा आणि हात मागे घ्या. (हेच आपल्याला जमत नाही!) हात स्थिरावला की तांदळाऐवजी पाणी. सांडेलच. ओरडू नका, फडकं तिच्या उंचीवर टांगा. पुसणं हाही धडाच.

थंडीत जांभळी नाक्यावरून मटार आणले की सोलायला लेकच बसायची. अंगठ्याने शेंग दाबली की ‘टच्’ आवाज येतो, त्या एका आवाजापायी ती पंधरा मिनिटं हलायची नाही. हीच बोटं पुढे पेन्सिल धरतात. फक्त समोर बसून राहा, या वयात दाणे नाका-तोंडात जातात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला, शिंपले, खडे, बिया असल्या आसपासच्या वस्तूंवरच बालवाडी चालवली. अक्षरांची घाई नको. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला द्या, दोन-तीन जोड्यांपासून.