‘बाबाले समजलं तं कॉलेज बंद होईन माह्यं’

“मॅडम, तक्रार करायले मी तयार हाये. पण बाबाले समजलं तं कॉलेज बंद होईन माह्यं.”

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत समुपदेशनाला येणाऱ्या मुली हे वाक्य थोड्याफार फरकाने बोलतातच. त्रास देणाऱ्या पोराची भीती त्यांच्या मनात असते, पण त्याहून मोठी भीती असते ती घरी बसवलं जाण्याची आणि पुढच्या हंगामात लग्न लावून दिलं जाण्याची. ती भीती खरी आहे. आजूबाजूच्या गावांत असं घडलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे “सांगून तर बघ, घरचे समजून घेतील” एवढं बोलून मुलीला परत पाठवणं बरोबर नाही.

वैशालीचं उदाहरण घेऊ. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. वय १९, बी.एस्सी. दुसरं वर्ष, गाव कॉलेजपासून १६ किलोमीटर, येणं-जाणं एसटीनं. त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाशी ती काही महिने व्हॉट्सॲपवर बोलायची. मग तिने बोलणं थांबवलं. तेव्हापासून नवनव्या नंबरांवरून फोन, बसच्या मागे मोटारसायकल, प्रॅक्टिकल संपल्यावर स्टँडवर शेवटच्या बसपर्यंत समोर उभं राहणं सुरू झालं. गॅदरिंगमधला तिचा फोटो त्याने स्वतःच्या नावासह स्टेटसला ठेवला. शेवटी मेसेज आला: “एकदा भेट, नाहीतर तुझं नाव लिहून जीव देतो.”

अशा बैठकीत सगळं ऐकून घेण्याआधी वय विचारावं. आपल्याकडे ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज बहुतेक एकाच आवारात असतं. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर लैंगिक स्वरूपाच्या हेतूने वारंवार पाठलाग करणंही पोक्सो (बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या) कायद्यात बसतं, आणि ते कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. “तू सांगितलेलं माझ्यापाशीच राहील, पण वय १८ च्या आत असेल किंवा जिवाला धोका असेल तर मला कळवावं लागेल” हे आधीच सांगावं. सगळं ऐकून झाल्यावर सांगितलं तर मुलीला फसवल्यासारखं वाटतं आणि ती परत येत नाही.

मग धोका किती आहे ते तपासायचं. तो घरापर्यंत आला का? मारण्याची, पेट्रोल किंवा ॲसिड टाकण्याची भाषा वापरली का? पाठलाग वाढतोय का? घरात तिच्या सोयरिकीचं बोलणं सुरू आहे का? हा शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. नकार पक्का झाला किंवा सोयरीक ठरली की धोका एकदम वाढू शकतो. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटात कामावर निघालेल्या प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने भररस्त्यात पेटवलं, त्यानंतर विदर्भात तरी “पोरं असं करतातच” म्हणायला कुणाची जीभ वळू नये. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर खालची बाकीची पायरी-पायरी बाजूला ठेवून ११२ आणि पोलीस स्टेशन.

“एकदा भेट” याला जायचं नाही. सोबत मैत्रीण असली तरी नाही, चहाच्या टपरीवर नाही, देवळातही नाही. जीव देण्याच्या धमकीची जबाबदारी मुलीची नाही. तो मेसेज तसाच जपून कॉलेजने त्या मुलाच्या घरच्यांना कळवावा आणि त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक द्यावा. वैशालीला हे तीन-चार वेळा सांगावं लागलं. “मीच बोलली होती ना त्याच्यासंगं, मंग चूक माहीच हाये,” असं ती म्हणत होती. आधी बोलणं झालं असलं तरी नंतरचा पाठलाग हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईने स्पष्ट नकार दाखवल्यानंतरही पुन्हा पुन्हा मागे लागणं, इंटरनेटवर पाळत ठेवणं, दोन्ही येतं.

म्हणून नकार एकदाच, लेखी आणि मोजक्या शब्दांत: “मला तुझ्याशी बोलायचं नाही. फोन, मेसेज करू नकोस, मागे येऊ नकोस.” कारण देऊ नये, सॉरी म्हणू नये, घरच्यांचं नाव पुढे करू नये. त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर नाही, शिवीसुद्धा नाही. वीस फोन टाळून एकविसावा उचलला की वीस फोन केल्यावर ती उचलते, एवढंच त्याला कळतं.

पुरावा बहुतेक मुलींच्या हातून घाबरून नष्ट होतो. घरी कुणी पाहील म्हणून चॅट डिलीट केली जाते, नंबर लगेच ब्लॉक होतो. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव नको, पूर्ण नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. स्टेटस २४ तासांत जातं, त्यामुळे ज्या मैत्रिणीने पाहिलं तिनेच लगेच स्क्रीनशॉट घ्यावा, आणि ती साक्षीदारही होते. चॅट एक्सपोर्ट करून विश्वासाच्या माणसाला ईमेल करावी. मूळ फोन विकू नये, रीसेट करू नये.

सोबत एक वही. वैशालीच्या वहीतली एक नोंद अशी होती: “मंगळवार, संध्या. ५:२०. स्टँड, रसवंतीजवळ. काळी मोटारसायकल, नंबरचे शेवटचे चार आकडे. १५ मि. समोर उभा. बस लागल्यावर मागे फाट्यापर्यंत. सोबत: वर्गातली एक मैत्रीण, कंडक्टरने पाहिलं.” ‘तो मला खूप त्रास देतो’ अशी दहा पानं लिहिण्यापेक्षा अशा सात-आठ ओळी कॉलेजच्या तक्रार समितीपुढे जास्त उपयोगी पडतात.

आता घर. वैशालीच्या बाबांशी बोलायला थेट कुणी गेलं नाही. आधी घरात ज्यांचा शब्द चालतो असं माणूस शोधलं. तिची मावशी शेजारच्या गावात आशा वर्कर आहे, बाबा तिचं ऐकतात. मावशीला सगळं सांगितलं आणि बाबांपुढे काय मांडायचं ते तिच्यासोबत बसून ठरवलं. बापाचा पहिला प्रश्न ‘चूक कोणाची’ हा असेल असं आपण धरून चालतो. वैशालीच्या बाबांनी विचारलं, “उद्या सकाळच्या गाडीत कोण राहीन तिच्यासंगं?” याचं उत्तर तयार नसलं की कॉलेज बंद होतं, कारण बापाच्या हातात तेवढाच एक उपाय उरतो.

उत्तर कागदावर लिहून तयार होतं. गावातून त्याच बसने जाणाऱ्या दोन मुली सोबत चढतील. स्टँडवर न उतरता कॉलेजच्या फाट्यावर उतरायचं. तिथे थांबा मिळावा म्हणून प्राचार्यांच्या सहीचा अर्ज आगार व्यवस्थापकांकडे. प्रॅक्टिकलची बॅच दुपारची करून द्यायची, म्हणजे हिवाळ्यात अंधार पडायच्या आत ती घरी. पोचल्यावर आणि निघताना मावशीला मिस्ड कॉल. स्टँडवर पोलिसांच्या दामिनी पथकाची फेरी मागायची. बाबांनी कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, “पंधरा दिवस पाहू.” पहिल्या भेटीत एवढं मिळालं तरी पुष्कळ. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून वदवून घेतली: भाऊ किंवा चुलतभाऊ त्या पोराला मारायला जाणार नाहीत. मारामारी झाली की उलटी केस पडते आणि मुलीची तक्रार तडजोडीत विरते.

तडजोडीचं दडपण सगळीकडून येतं. तंटामुक्ती समितीचे लोक येतात, पोलीस पाटील येतात, कधी प्राचार्यच दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवून माफी मागायला लावतात, राखीसुद्धा बांधायला लावतात. जामिनासाठी पीडितेकडून राखी बांधून घेण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केली आणि अशी तडजोड सुचवू नये असं बजावलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच करता येतो, आणि त्यात पैशाचा व्यवहार चालत नाही.

कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती कागदावर तरी असतेच. फलकावरची नावं बघा. बदलून गेलेल्या मॅडम अजून अध्यक्ष असतील तर प्राचार्यांकडे सध्याच्या समितीचा आदेश लेखी मागा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेचा सदस्य लागतो, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही. विभागप्रमुखांसारख्या प्रशासकीय पदावरचे लोक समितीत बसू शकत नाहीत. तक्रार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची आहे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका. चौकशी ९० दिवसांत. पण खरी गरज पहिल्या आठवड्यात असते, म्हणून तक्रारीच्या शेवटीच अंतरिम संरक्षण मागावं: त्याने अंतर राखावं, संपर्क करू नये, दोघांच्या प्रॅक्टिकलच्या वेळा वेगळ्या असाव्यात. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही मुलीला सांगून ठेवावं.

पोलिसांकडे जायचं की नाही हे १८ वर्षांवरच्या मुलीने ठरवायचं. कॉलेजची तक्रार सुरू असतानाही जाता येतं. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा, एफआयआरची प्रत फुकट, हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही पोलीस स्टेशनला होणारी नोंद) मागायचा. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार. वकील परवडत नाही हा प्रश्न येत नाही: उत्पन्न कितीही असो, महिलेला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तालुका कोर्टात त्यांची समिती असते. मात्र एक गोष्ट लपवू नये. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, मुलगा त्याच दिवशी सुटू शकतो. म्हणून एफआयआरच्या आदल्या दिवशीच पुढच्या आठवड्याचा प्रवास ठरलेला असावा, आणि शांतता राखण्याचा बाँड घेण्यासाठी चॅप्टर केस (प्रतिबंधक कारवाई) करण्याची मागणी पोलिसांकडे लेखी करावी. वैशालीने पोलिसांकडे जायचं तेव्हा ठरवलं नाही. वही चालू ठेवली.

इतकं करूनही काही घरं मुलीला महिना-दोन महिने घरी बसवतात. तेव्हा वाद घालण्यात वेळ घालवू नका. परीक्षेचा फॉर्म भरून ठेवा. मैत्रीण, मावशी, कुणीही कॉलेजात जाऊन तारीख विचारू शकतं. समितीच्या शिफारशीने पीडित विद्यार्थिनीला ३ महिन्यांपर्यंत रजा मिळते आणि तिचं नुकसान होता कामा नये, त्यामुळे हजेरीचा अर्ज समितीमार्फत द्या. परीक्षा हॉलमध्ये त्या मुलाची आसनव्यवस्था वेगळी मागा, आणि पेपरच्या दिवशी ने-आण करणारं माणूस आदल्या संध्याकाळीच नक्की करा.