पेटीतली थैली आणि बहिणीचा हिस्सा

प्रश्न : माझे अब्बा मागच्या वर्षी वारले. मोंढ्याजवळ आमचं किराणा दुकान आहे. अब्बांच्या लोखंडी पेटीत एक कापडी थैली सापडली. आत चांदीचे दोन तोडे, पाचशेच्या जुन्या आठ नोटा आणि शंभराच्या दोन. चिठ्ठीवरची शाई ओलीने पसरली आहे, ‘ऊसतोड, 2009’ एवढंच लागतं. अब्बा हिशेब उर्दूत लिहीत, मला उर्दू येत नाही, म्हणून वहीच्या पानांची झेरॉक्स सोबत पाठवतो. थैली मशिदीत देऊन टाकू का? बाद नोटांची भरपाई माझ्यावर येते का? आम्ही दोन भाऊ, एक बहीण. अम्मी हयात नाहीत. बहिणीने हक्कसोड करून दिली आहे, त्यामुळे पाच एकर शेत आणि दुकान आम्हा भावांच्या नावावर आहे. दर रमजानला मी पै-पैचा हिशेब करून जकात काढतो. जकात दिल्यावर उरलेला माल पूर्णपणे माझाच ना?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : तुमची झेरॉक्स भिंग लावून वाचली. अब्बांचं अक्षर सुरेख होतं, घाईच्या नोंदीतसुद्धा नुक्ते गाळलेले नाहीत. ‘जमा’, ‘उधार’ आणि ‘अमानत’ (म्हणजे ठेव) अशी तीन पानं त्यांनी वेगळी ठेवली आहेत. तिसऱ्या पानावर खालून चौथ्या ओळीत तुमची थैली आहे : ‘चांदी के तोड़े एक जोड़ी, नक़द 4200.’ पुढे एका बाईचं नाव, तांड्याचं नाव आणि मुकादमाचं नाव. ही नावं इथे छापत नाही, टपालाने वेगळी कळवतो.

म्हणजे मशिदीत देण्याचा प्रश्न आज उरलाच नाही. मालकाचा माग लागत असताना अमानत दुसऱ्या कुणाला देता येत नाही, कितीही पुण्याच्या कामाला असली तरी. अमानती ज्यांच्या त्यांच्या हवाली करा, हा कुरआनातल्या सूरह निसाच्या 58व्या आयतीतला हुकूम आहे. मालकीण बंजारा आहे, मुसलमान नाही, याने त्यात तसूभरही फरक पडत नाही. 622 साली पैगंबर (स.) मक्का सोडून निघाले तेव्हा त्यांच्या जिवावर उठलेल्या मक्केच्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला पोचवण्यासाठी त्यांनी आपले चुलत भाऊ हजरत अलींना मागे ठेवलं.

गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोड टोळ्या कारखान्यावरून परत येतात, तेव्हा तांड्यावर जा. आधी मुकादमाला गाठा. त्या हंगामात कोणकोण कोयता घेऊन गेलं, हे मुकादम विसरत नाही. बाई हयात नसेल तर तिच्या वारसांना द्यायचं. पण तोडे आधी दाखवू नका. थैली कशाच्या कापडाची होती, नाडी कसली होती, ते विचारा. सापडलेल्या मालाबद्दल पैगंबरांनी हेच सांगितलं होतं : त्याची थैली आणि बांधायची दोरी नीट ओळखून ठेव, मग वर्षभर पुकारा कर. तुमची वस्तू तर सापडलेली नाही, विश्वासाने ठेवायला दिलेली आहे. तिच्यासाठी पायपीट जास्तच करावी लागेल.

नोटांचं मी बराच वेळ मनात घोळवलं. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशेची जुनी नोट बाद झाली आणि 30 डिसेंबरपर्यंत बँकेत भरायची मुदत होती. दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही, या सवयीनेच अब्बांनी थैली उघडली नसेल, असं मला त्यांच्या वहीवरून वाटतं. ठेव सांभाळणाऱ्याने हलगर्जी केली नसेल तर नुकसान त्याच्या माथी येत नाही, हा फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, नियम. इथे हलगर्जी झाली की नाही, याचा निवाडा जवळच्या मुफ्ती साहेबांकडून घ्या. मी मुफ्ती नाही, अंबाजोगाईचा निवृत्त गणिताचा मास्तर आहे. पण तुमच्या जागी असतो तर पदरचे 4,000 घालून 4,200 पुरे केले असते. ऊस तोडून आणलेले पैसे आहेत ते.

आता जकात, म्हणजे गरिबांसाठी दरसाल काढायचं दान. जकात म्हणजे शेकडा अडीच, आणि उरलेले साडेसत्त्याण्णव आपले, असा हिशेब आपल्याकडे सर्रास केला जातो. सूरह हदीदच्या सातव्या आयतीत मात्र शब्द आहेत की ज्या मालावर अल्लाहने तुम्हाला नायब नेमलं त्यातून खर्च करा. नायब. आपल्या भाषेत म्हणायचं तर आपण सगळे बटईने करतो आहोत. बटईदार पीक खातो, घर चालवतो, पण बांधावरची बाभूळ मालकाला विचारल्याशिवाय तोडत नाही. तिर्मिजी या संग्रहातली एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे : कयामतच्या दिवशी काही प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय माणसाला जागचं हलता येणार नाही. आयुष्य कशात घालवलं, जे कळत होतं त्यावर किती वागलास, शरीर कशात झिजवलं. हे एकेक प्रश्न. मालाबद्दल मात्र दोन : कुठून आणलास आणि कुठे घातलास. जकातीने दुसऱ्या प्रश्नाचा एक कोपरा भरतो. पहिला तसाच कोरा राहतो.

आणि त्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलं आहे. बहिणीने हक्कसोड करून दिली, असं तुम्ही लिहिता. दोन भाऊ, एक बहीण म्हणजे पाच हिस्से : दोन, दोन, एक. पाचातला एक एकर तिचा आहे, दुकानाचा पाचवा हिस्साही तिचा. सही करण्याआधी हा आकडा तिला कुणी सांगितला होता का? ‘नाही’ म्हटलं तर माहेरचा उंबरा तुटेल, ही भीती तिच्या मनात नव्हती ना? आधी हिस्सा तिच्या ताब्यात द्या, मग तिने राजीखुशीने परत दिला तरच घ्या, असं उलमा, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. ते याच कारणाने.

हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाही. माझे अब्बा 1994 साली गेले. जमीन साडेसात एकर, आम्ही दोन भाऊ आणि सगळ्यांत मोठी आपा. सहीसाठी आपाला मीच एसटीने घेऊन आलो होतो. घरी त्या दिवशी खीर केली होती. एकराचा शब्द कुणी काढला नाही. दोनास दोनास एक हे गणित मला येत होतं, शाळेत मी पोरांना गुणोत्तर-प्रमाण शिकवत होतो. तरी अकरा वर्षं तिच्या दीड एकराचं पीक आम्ही दोघा भावांनी खाल्लं, आणि त्यावर मी जकातही काढली.

2005 साली एका शेजाऱ्याची मय्यत होती. नमाजेआधी इमाम साहेबांनी नेहमीप्रमाणे पुकारलं, मरहूमकडे कुणाचं येणं असेल तर वारसांना सांगा. एका मय्यतीवर कर्ज होतं म्हणून पैगंबरांनी स्वतः नमाज पढवली नव्हती. त्यांचे साथी अबू कतादा यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतलं तेव्हा पढवली. ही हदीस मला पाठ होती. त्या दिवशी रांगेत उभा असताना मला फक्त आपा दिसत होती.

पुढच्या रविवारी गंगाखेडला गेलो. आपा अंगणात ज्वारी पाखडत होती. मी कागद पुढे ठेवले, हिस्सा सांगितला. तिने सूप खाली ठेवलं, ओढणीला हात पुसले आणि विचारलं, “अब्बा मेरे वास्ते बी कुछ छोड के गये थे क्या रे?” अठ्ठावन्न वर्षांची होती ती. जमीन तिच्या नावावर करून दिली. मागच्या पिकाचा माझा वाटा तीन हप्त्यांत फेडला. धाकट्या भावाला पटायला आणखी दोन वर्षं गेली.

तुम्ही भावाचं पटेपर्यंत थांबू नका. कुणाचं ओझं कुणी उचलणार नाही, हे कुरआनात पुन्हा पुन्हा आलं आहे. त्याचा हिशेब तो देईल, तुमच्या नावावर अडीच एकर आहे त्याचा तुम्ही द्या. त्यातला अर्धा एकर बहिणीचा आहे, दुकानाच्या तुमच्या निम्म्यातलाही पाचवा भाग. आधी तिला आकडा सांगा, कागद नंतर होतील.

आणि वहीची पुढची पानं पाठवा. तुमच्या अब्बांनी परत दिलेल्या प्रत्येक ठेवीसमोर ‘वापस’ लिहून तारीख घातली आहे. याच पानावर आणखी दोन ओळी आहेत, ज्यांच्यासमोर काही लिहिलेलं नाही.