सोव्हिएत मोटोक्रॉस (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत) रायडर आपल्या देशाची गाडी सोडून ऑस्ट्रियन केटीएम का चालवायचे?

कारण देशी गाडीवर जगज्जेतेपद मिळणार नाही, हे मॉस्कोलाही पक्कं ठाऊक होतं.

मुळात केटीएमच्या आधीही ते देशी गाडीवर नव्हतेच. व्हिक्टर आर्बेकोवने १९६५ साली २५० सीसीचं जगज्जेतेपद पटकावलं ते चेकोस्लोव्हाकियाच्या 'चेझेट'वर. इझेव्हस्क आणि कोव्रोव्हचे कारखाने शस्त्रास्त्रांसाठी नावाजलेले. मोटरसायकलीही तिथे बनत, पण त्या खेड्यापाड्यांत रोज राबणाऱ्या. चेझेट तेव्हा मोटोक्रॉसमधली अव्वल गाडी होती. (आपल्याकडे येझदी दामटलेल्यांना चेक गाड्यांची चुणूक माहीत असेल.) शिवाय समाजवादी गटातल्या देशाची, म्हणजे डॉलर मोजायला नकोत. रायडरला विचारतो कोण? क्लब दोसाफसारख्या निमलष्करी संघटनेचे नाहीतर सैन्याचे; वरून येईल ती गाडी चालवायची.

मग सुझुकी हलक्याफुलक्या गाड्या घेऊन उतरली आणि १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षं जोएल रोबेरने तिच्यावर बाजी मारली. चेझेटची सद्दी संपत आली तसा सोव्हिएत संघ केटीएमकडे वळला. ऑस्ट्रिया भांडवलशाही असली तरी तटस्थ, त्यामुळे अमेरिकी गोटातली गाडी घेतली असंही कुणी म्हणू शकत नव्हतं.

आता २५० सीसीच्या जगज्जेतेपदाची १९७४ची शेवटची फेरी बघा, स्वित्झर्लंडमधल्या व्होलेनची. विजेतेपदासाठी चेझेटवर चेक यारोस्लाव फाल्टा, केटीएमवर सोव्हिएत गेनादी मोइसेयेव. मोइसेयेवच्या सहकाऱ्यांनी फाल्टाला मुद्दाम अडवलं, पाडलं, असा आरोप आजही होतो. तो उठला, शर्यत पुरी केली, लोकांनी त्याला जगज्जेता म्हणून डोक्यावरही घेतलं. मग निकाल फिरला: सुरुवातीला फाटक पडायच्या आत निघालास म्हणून एक मिनिटाचा दंड! विजेतेपद मोइसेयेवला, आणि केटीएमलाही तिचं पहिलंवहिलं.

प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. चेक लोकांना तो दंड कसा झोंबला असेल, याची कल्पना करा. माझ्या मते तो निर्णय पटण्यासारखा नव्हताच. पण मोइसेयेव ऐरागैरा होता असंही नाही. १९७७ आणि १९७८ साली तो केटीएमवरच पुन्हा जगज्जेता झाला. फाल्टाला मात्र ते पद कधीच मिळालं नाही.