१३व्या शतकातल्या वऱ्हाडी गावावर रोलप्ले करतोय. जेवणात ठेचा-भाकर, बाजारात संत्री आणि हातात तंबाखू चालेल का?

भाकर चालेल, बाकी तिन्ही काढा. यादवांच्या काळात मिरची इथं नव्हतीच. ती मूळची अमेरिकेतली, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला त्यानंतर पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. टमाटर, बटाटा, मका, भुईमूग, पेरू, सीताफळ आणि तंबाखूही मूळचे तिकडचेच. संत्र्याच्या बागा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनच्या, अन् सोयाबीन तर आपल्या डोळ्यांदेखत शेतात शिरलं.

म्हणून ताट बेचव होतं असं समजू नका. वांगं अस्सल इथलंच. ते तुऱ्हाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांवर भाजा, वरून जवसाचं किंवा तिळाचं तेल, आलं, लसूण, मोहरी घाला. तिखटासाठी मिरी किंवा पिंपळी. मिरी मलबारकडून यायची, म्हणजे महाग. ती पाटलाच्या वाड्यात दाखवा, कुणब्याच्या घरी आलं-मोहरीवर भागवा. पात्रांमधला फरक अशा चिमटीभर मसाल्यातूनच कळतो, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. सोबत तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, मोहाची फुलं.

कापूस ठेवा, पण देशी, आखूड धाग्याचा. सूत टकळीवर काढा. आगपेटी नाही, चकमक. चहाऐवजी ताक. तंबाखूच्या जागी विडा द्या.

रिद्धपूरसारखं तेव्हाचं खरं गाव निवडलंत तर महानुभाव पंथाचे साधूही कथेत सहज येतील. भिक्षेच्या झोळीत त्यांना काय मिळेल, तिथूनच सुरुवात करा.