गोल्डविंगच्या मागच्या चाकाला कारचा टायर: ठेवावा की काढावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, तुम्ही नॉर्थ कॅरोलायनात २००८ सालची वापरलेली होंडा गोल्डविंग मोटरसायकल विकत घेत आहात, आधीच्या मालकाने तिच्या मागच्या चाकाला कारचा टायर बसवलेला आहे, तो अजून निम्मासुद्धा झिजलेला नाही आणि "हा तीस हजार मैल सहज जाईल, काढू नका" असा त्याचा सल्ला आहे. तर हा टायर ठेवावा की काढावा? माझे उत्तर असे की तो काढावा, आणि शक्य असेल तर गाडी घरी आणण्याआधीच काढावा. हे मी ऐकीव माहितीवरून सांगत नाही. माझ्याकडे याच पिढीची गोल्डविंग आहे. तिच्यावर मी दोन हंगाम, म्हणजे सुमारे १९,००० मैल, कारचा टायर चालवला आणि नंतर स्वतःच उतरवला.

आधी त्या मालकाची बाजू नीट मांडतो, कारण तो माणूस अविचारी आहे असे मला वाटत नाही. अमेरिकेत असे टायर वापरणारे स्वतःला 'डार्कसायडर' म्हणवतात आणि त्यांच्यात फार अनुभवी, लाखो मैल गाडी चालवलेले लोक आहेत. गोल्डविंगचे इंजिन १८३२ सीसीचे, सहा सिलिंडरांचे आहे, गाडीचे स्वतःचेच वजन चारशे किलोच्या वर आहे, आणि मागे जोडीदार व पेट्यांत सामान असले की एकूण भार सहाशे किलोच्या आसपास जातो. या भाराचा मोठा भाग आणि इंजिनाची सगळी ताकद मागचा एकच टायर रस्त्यावर उतरवतो, म्हणून तो लवकर संपतो. माझा मोटरसायकलचा टायर साधारण नऊ-दहा हजार मैलांत बदलावा लागत असे. टेक्सासमध्ये आंतरराज्य महामार्ग १० जवळजवळ ८८० मैल चालतो आणि त्यातला बराच भाग सरळ आहे. अशा रस्त्यांवर मोटरसायकलचा टायर मध्यभागीच झिजून सपाट होतो आणि कडेचे चांगले रबर तसेच वाया जाते. वर्षाला तीस हजार मैल फिरणाऱ्या माणसाला एका मोसमात तीन मागचे टायर घ्यावे लागतात, प्रत्येक वेळी दुकानाची वेळ घ्यावी लागते, आणि एखादा टायर घरापासून हजार मैलांवर संपतो. अशा माणसाला कारच्या टायरचा मोह होणे मला पूर्णपणे समजते, कारण मलाही तोच झाला होता.

शिवाय कागदावर हिशेब सुरेख जुळतो. तुमच्या गाडीचा मूळ मागचा टायर १८०/६० आर १६ या मापाचा आहे (रुंदी १८० मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंचांची), म्हणजे त्याचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर भरतो. कारचा १९५/५५ आर १६ हा टायर घेतला तर व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर येतो. एवढ्या फरकाने ना वेगमापक चुकतो, ना गाडीची उंची बदलते. मूळ टायरवर बहुधा ७४ हा भारांक छापलेला असतो, ज्याचा अर्थ ३७५ किलो, आणि कारच्या त्या टायरवर ८७, ज्याचा अर्थ ५४५ किलो. रिमचे माप तेच, व्यास जवळजवळ तोच, भार पेलण्याची क्षमता जवळजवळ दीडपट आणि किंमत कमी. मी हा हिशेब वहीवर मांडला तेव्हा लोक अजून मोटरसायकलचे टायर घेतातच कशाला, असे मला वाटले होते. परंतु त्या आकड्यांमध्ये दोन गोष्टी कुठेच येत नाहीत: टायर रिमला जिथे धरून बसतो ती जागा, आणि गाडी कलते तेव्हा टायरचे काय होते ते.

पहिली गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. टायरच्या आतल्या गोलाकार काठात पोलादी तारांचे कडे असते. त्या काठाला मेकॅनिक 'बीड' म्हणतात. हवा भरली की ती बीड रिमच्या खाचेत जाऊन घट्ट बसते, आणि ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवणे, इंजिनाचा जोर चाकाकडून रस्त्याकडे नेणे, ब्रेकचा झटका सहन करणे आणि वळणातला बाजूचा दाब पेलणे ही सगळी कामे तीच करते. मोटरसायकलच्या आणि कारच्या रिमवर १६ इंच हाच आकडा लिहिलेला असला, तरी बीड बसण्याच्या जागेचा आकार, उतार आणि कडेची गोलाई दोन्हींमध्ये वेगळी असते, कारण ती वेगवेगळ्या मानकांनुसार बनवलेली असतात. डनलॉपसारखे टायर-उत्पादक मोटरसायकलच्या रिमवर कारचा टायर कधीही चढवू नका असे ठामपणे सांगतात, आणि त्यामागचे मुख्य कारण हेच आहे. आपला माल खपावा म्हणून ते तसे सांगतात असे पुष्कळ चालक म्हणतात. मीही म्हणत होतो.

माझ्या गावातल्या दुकानाने टायर बसवायला नकार दिला, म्हणून मी आणि माझ्या एका मित्राने तो घरच्या गॅरेजमध्ये बसवला. मोटरसायकलच्या टायरची बीड साबणाचे पाणी लावले की साधारण ४० पीएसआयच्या (हवेचा दाब, दर चौरस इंचाला पौंडांत) आतच 'टक्' असा आवाज करून जागेवर बसते. या टायरची एक बाजू बसली, दुसरी बसेना. ४० झाले, ५० झाले, पुन्हा हवा सोडून पुन्हा साबण लावला, आणि शेवटी साठच्याही पुढे गेल्यावर बंदुकीसारखा आवाज होऊन ती बसली. आम्ही दोघे तेव्हा चाकापासून हातभर अंतरावर उभे होतो. इतक्या दाबाखाली बीडची तार तुटली असती तर टायर रिमवरून उडून आमच्या अंगावर आला असता, आणि अशा अपघातांत माणसे गंभीर जखमी होतात. त्या दिवशी आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले याची मला आज खरोखर लाज वाटते. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे आहे की, तुम्ही घेत असलेल्या गाडीचा टायर कोणी, किती दाबाने आणि कशा अवस्थेत बसवला हे तुम्हाला बाहेरून कधीच कळणार नाही. जबरदस्तीने बसवलेली बीड बाहेरून अगदी व्यवस्थित बसल्यासारखीच दिसते.

आता कलण्याविषयी. मोटरसायकल हँडल फिरवून वळत नाही, ती कलून वळते. म्हणूनच तिच्या टायरचा छेद अर्धगोल असतो. गाडी तीस अंशांत कलली तरी त्या गोलाईवर रस्त्याला टेकलेला भाग हळूहळू, एकसारखा सरकत जातो आणि चालकाला कुठेही पायरी जाणवत नाही. कारचा टायर सपाट असतो, कारण कार कलत नाही. तो मोटरसायकलला लावून गाडी कलवली की आतल्या बाजूची कड रस्त्यावर दाबली जाते, बाहेरची बाजू उचलली जाऊ लागते आणि भाराचा केंद्रबिंदू मध्यापासून कित्येक सेंटीमीटर कडेला जातो. त्यामुळे दोन परिणाम होतात. एक म्हणजे गाडी सतत उभी राहू पाहते, म्हणून पूर्ण वळणभर आतल्या हँडलवर दाब धरून ठेवावा लागतो. दुसरा परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही: रस्त्याला टेकलेली जागा वळणाच्या आतल्या बाजूला सरकल्यामुळे त्याच वेगात तेच वळण घ्यायला गाडी आधीपेक्षा अधिक कलवावी लागते, आणि गोल्डविंगसारख्या बुटक्या, रुंद गाडीचे पाय ठेवण्याचे खुंट मुळातच लवकर रस्त्याला घासतात.

हवेच्या दाबाने हे सुधारेल अशी आशा मीही बाळगली होती. होंडाने मागच्या टायरसाठी ४१ पीएसआय सांगितले आहे. एवढ्या हवेला कारचा टायर वळणात आपल्या कडेवर उभा राहतो. हवा ३२-३३ वर आणली की बाजूची भिंत वाकते, सपाट भाग रस्त्याला अधिक चिकटून राहतो आणि हँडल हलके होते. बरेच चालक म्हणूनच कमी हवा ठेवतात. परंतु बीडला रिमवर धरून ठेवणारी शक्ती हवेचा दाब हीच असते, आणि जी बीड मुळात त्या रिमसाठी बनलेली नाही तिचाच आधार आपण अशा वेळी कमी करत असतो. पंक्चर झाले तरी टायर चपटा होऊ नये म्हणून पुष्कळजण जाड भिंतीचा 'रन-फ्लॅट' टायर निवडतात. माझाही तोच होता. पंक्चरच्या बाबतीत तो खरोखर चांगला असतो, पण ती जाड भिंत वाकायला अधिक विरोध करते, म्हणजे कलण्याचा प्रश्न होता तिथेच येतो. एका बाजूला ओढले की दुसरी बाजू उघडी पडते, अशी ही तोकडी चादर आहे.

या टायरचे जे चांगले अनुभव आले तेही सांगणे भाग आहे. सरळ महामार्गावर गाडी दगडासारखी स्थिर चालत असे. पावसात, सरळ रेषेत ब्रेक लावताना मागचे चाक घसरले असे मला एकदाही जाणवले नाही. रुंद सपाट भाग आणि पाणी बाहेर काढणाऱ्या खोल खाचा यांचा तिथे उपयोग होतो. १९,००० मैलांनंतरही निम्म्याहून अधिक नक्षी शिल्लक होती. मात्र रस्त्याला लांबलचक चर पडले असतील, किंवा एका पट्ट्याचा डांबरी थर दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच असेल, तर गाडी त्या कडेला धरून स्वतःहून बाजूला सरकत असे, आणि पार्किंगमधल्या संथ वळणांत ती ओझ्याच्या बैलासारखी वागत असे. या सगळ्याची सवय होते. मला साधारण पाचशे मैलांत झाली, आणि सवय झाल्यामुळेच मी निर्धास्त झालो.

निर्धास्तपणा संपला तो टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवर, डील्स गॅपजवळ. तिथे महामार्ग १२९ वर ११ मैलांत ३१८ वळणे आहेत आणि देशभरातून मोटरसायकलवाले त्यासाठी येतात. तुम्ही याच राज्यात राहता, तेव्हा तुम्हीही एक दिवस जाल. मी वेगात नव्हतो. उजव्या वळणात गाडी पूर्ण कललेली असताना मागच्या चाकाखाली डांबराचा एक उंचवटा आला, टायरची कड त्यावर आपटली आणि गाडी एका झटक्यात अर्धी उभी झाली. उभी झाली म्हणजे सरळ जाऊ लागली, आणि सरळ म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या पट्ट्यात. त्या क्षणी समोरून कोणी येत नव्हते, एवढ्यावरच निभावले. गोल टायरवर तोच उंचवटा आला असता तर गाडी थोडी हलली असती आणि आपल्या रेषेवर राहिली असती. नवा, मोटरसायकलचा टायर बसवल्यावर मी त्याच वळणावर, त्याच वेगाने पुन्हा गेलो, तेव्हा गाडी थोडी हलली आणि आपल्या रेषेवरच राहिली.

टायर उतरवताना दुसरी गोष्ट दिसली. जी बाजू बसत नव्हती, तिच्या बीडवरचे रबर बोटभर लांबीत चिरले होते. तार उघडी पडली नव्हती आणि हवाही गळत नव्हती, त्यामुळे ते कधी कळलेच नसते. ती चीर पहिल्या दिवशी पडली की नंतर वाढत गेली, हे सांगता येणार नाही. त्याच चिरेवर मागे पत्नीला बसवून मी दोन हंगाम हिंडलो, ही गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही.

पैशांचा हिशेब मी नंतर शांतपणे केला. माझे वर्षाला सुमारे १२,००० मैल होतात. बसवणावळीसह ३०० डॉलरला पडणारा मोटरसायकलचा टायर १०,००० मैल चालला, तर वर्षाचा खर्च ३६० डॉलर होतो. कारचा टायर मला १७० डॉलरला पडला होता. तो ३०,००० मैल चालला असता तर वर्षाला ६८ डॉलर. म्हणजे बचत वर्षाला तीनशे डॉलरपेक्षाही कमी. गाडीचा आधीचा मालक जो तीस हजार मैलांचा आकडा सांगतो तो खोटा नाही, पण त्या आकड्याची किंमत एवढीच आहे.

कोणी तुम्हाला तीनचाकी गाड्यांचे उदाहरण देईल, म्हणून तेवढे स्पष्ट करतो. गोल्डविंगला मागे दोन चाके लावून बनवलेल्या ट्राइकला कारचे टायर योग्यच असतात आणि कॅन-ॲम स्पायडरचा मागचा टायरही सपाट, २२५/५० आर १५ मापाचा असतो. पण या गाड्या कलत नाहीत आणि त्यांच्या रिम त्याच टायरसाठी निवडलेल्या असतात. महाराष्ट्रात रॉयल एनफील्ड चालवणाऱ्या वाचकांपुढे हा प्रश्न सहसा येणारच नाही, कारण तिथल्या बहुतेक मोटरसायकलींच्या अरुंद रिमच्या मापाचा कारचा टायर मिळत नाही.

तुम्ही व्यवहार करताना टायरच्या बाजूवर 'एम/सी' ही अक्षरे आहेत का ते पाहा. मोटरसायकलच्या टायरवर मापाजवळ ती सहसा असतात, कारच्या टायरवर नसतात. नव्या मागच्या टायरची किंमत मालकाशी बोलून गाडीच्या किमतीतून वजा करून घ्या. ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. या गाडीचे मागचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर, पाच नटांवर बसलेले असते, त्यामुळे मधल्या स्टँडवर गाडी उभी करून ते घरीच काढता येते आणि नुसते चाक दुकानात नेले तर मजुरी वाचते. नव्या टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बनवल्याचा आठवडा आणि साल दाखवतात, ते जुने नाहीत ना पाहून घ्या. नंतर गाडी थंड असताना दर आठवड्याला हवा तपासून ४१ पीएसआय ठेवा; माझा पहिला मोटरसायकलचा टायर लवकर संपण्यामागे कमी हवा हेही मोठे कारण होते. आणि कारचा टायर उतरवताना दुकानात स्वतः थांबा. रिमची आतली कड पुसून, तिच्यावरून बोट फिरवून बघा; ओरखडा, ठेच किंवा तडा लागला तर जाणकाराने रिम तपासल्याशिवाय तिच्यावर नवा टायर चढवू देऊ नका.